मदत हवी आहे: अकोल्याच्या उन्हाळ्यात ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक कसं करावं?

नमस्कार मंडळी,

आरटीएक्स ३०६० (१२ जीबी) ग्राफिक्स कार्ड घरच्या घरी ओव्हरक्लॉक करायचं (म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवायचं) आहे, पण कार्डाला धक्का न लागता. जाणकारांचा सल्ला हवा आहे.

बाकी मशीन असं: आय-५ १२४००एफ, १६ जीबी रॅम, ५५० वॅटचा पॉवर सप्लाय, कॅबिनेटला पुढून दोन आणि मागे एक पंखा. दिवसा ब्लेंडरमध्ये इंटिरियरचे थ्रीडी व्ह्यू करतो, रात्री थोडं गेमिंग. गिऱ्हाइकाने वॉकथ्रू (घरातून फिरल्यासारखा व्हिडिओ) मागितला की सायकल्सचं (ब्लेंडरचं चित्र तयार करणारं इंजिन) रेंडर रात्रभर चालतं. नवं कार्ड घेण्याइतके पैसे सध्या नाहीत, म्हणून आहे त्यातूनच जास्तीत जास्त काम काढायचं आहे.

अडचण अशी की यूट्यूबवर जे शिकवतात त्यांच्या खोल्या २०-२२ अंशांच्या असतात. इथे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो आणि डेझर्ट कूलर लावूनही खोली ३५ च्या खाली यायला तयार नसते. खोली जितके अंश तापते, साधारण तितकेच अंश कार्डही तापतं. डिसेंबरात रेंडर करताना ६७ वर राहणारं कार्ड आता ८०-८१ दाखवतं, आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये (तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) हॉटस्पॉट, म्हणजे चिपवरची सर्वांत गरम जागा, ९४-९५. एनव्हिडियाने या कार्डाची कमाल मर्यादा ९३ अंश दिली आहे, पण ती कोअरच्या (मुख्य चिपच्या) तापमानाची, हॉटस्पॉटची नव्हे. मग हॉटस्पॉट किती असला की हात आखडता घ्यावा? क्लॉकही (चिपचा वेग) हिवाळ्यापेक्षा पायरी-पायरीने खाली आलेला दिसतो. म्हणजे काही न करताच कार्ड हळू झालंय.

कार्डाचा वेग-व्होल्टेज बदलणारं आफ्टरबर्नर सॉफ्टवेअर एमएसआयच्याच साइटवरून घेतलं आहे (त्याच नावाच्या खोट्या साइट्सवरून व्हायरस येतात, नव्या मंडळींनी जपावं). कोअरचा क्लॉक थोडा-थोडा वाढवत नेला. हेवन बेंचमार्क (कार्डाचा कस पाहणारी चाचणी) अर्धा तास सुरळीत चालला, पण त्याच सेटिंगवर गेम मध्येच बंद पडला. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ नंबरची नोंद होती: डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं आणि तो पुन्हा सुरू झाला. मेमरीची तऱ्हा वेगळीच. बरीच वाढवली तरी क्रॅश नाही, स्क्रीनवर ठिपके नाहीत, पण ब्लेंडर बेंचमार्कचा स्कोअर मात्र आधीच्यापेक्षा खाली आला. हे कसं काय?

दुसरी काळजी यूपीएसची. ६०० व्हीएचा आहे, मागच्या स्टिकरवर ३६० वॅट लिहिलंय. आमच्या भागात लाइट कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळे तो काढता येत नाही. हेवी गेम लावला की कधी कधी तो सलग बीप करायला लागतो. ओव्हरक्लॉक केल्यावर काय होईल?

तर मूळ प्रश्न: इतक्या गरम खोलीत ओव्हरक्लॉक सुरक्षित कसं करायचं, आणि सुरुवात कुठून करायची?

प्रतिसाद १

सुरुवात अंडरव्होल्टने (तोच वेग कमी व्होल्टेजवर चालवणं) करा. ओव्हरक्लॉकचा विचार त्यानंतर.

चिपमध्ये जाळली जाणारी वीज क्लॉकच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. कार्ड १.०५ व्होल्टवर चालत असेल आणि तोच क्लॉक तुम्ही ०.९ व्होल्टवर टिकवू शकलात, तर ०.९ भागिले १.०५, त्याचा वर्ग, म्हणजे सुमारे ०.७३. कोअरची वीज कागदावर चौथ्या हिश्श्याहून जास्त कमी झाली. मेमरी आणि पंख्यांची तेवढीच राहते, म्हणून प्रत्यक्षात बचत थोडी कमी दिसेल. पण कार्ड गार राहिलं की क्लॉक खाली पडत नाही. तुमच्या ३५ अंशांच्या खोलीत खरा फायदा इथेच आहे. उलट नुसता कोअर वाढवून या कार्डावर साधारण ५ ते ८ टक्के मिळतात, ६० फ्रेम्सचे ६३-६४. त्यासाठी उन्हाळ्यात कार्ड भट्टीत घालू नका.

आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्टेज-फ्रीक्वेन्सीचा आलेख उघडतो. ९०० मिलिव्होल्टचा ठिपका धरून १८३० मेगाहर्ट्झवर न्या, त्याच्या उजवीकडचे सगळे ठिपके त्याच रेषेत सपाट करा, मग अप्लाय. टिकलं तर १५-१५ ने वर सरका, कारण या कार्डांचा क्लॉक त्याच पायऱ्यांनी हलतो. प्रत्येक चिप वेगळी, माझा आकडा तुम्हाला चालेलच असं नाही. 'विंडोज सुरू होताना लागू करा' हा पर्याय मात्र सेटिंग पक्की होईपर्यंत बंदच ठेवा. कधी अडकलातच तर सेफ मोडमध्ये जाऊन आफ्टरबर्नर काढून टाका, कार्ड मूळ पदावर येतं.

हेवनवर विसंबू नका, ते २००९ चं आहे. रे ट्रेसिंगचा गेम किंवा सायकल्सचं रेंडर चिपचे वेगळेच भाग कामाला लावतं. कस लावायचा तर तुमच्याच एखाद्या जड सीनवर, दुपारी तीन वाजता, खोली सर्वांत गरम असताना. रात्री पास झालेली सेटिंग दुपारी नापास होते.

मेमरीचं कोडं सोपं आहे. क्लॉक जास्त झाला की डेटा जाता-येता चुका होतात, त्या पकडून तोच डेटा पुन्हा पाठवला जातो आणि वेळ त्यात जातो. म्हणून मेमरी क्रॅश होईपर्यंत ताणायची नाही, स्कोअर वाढायचा थांबला की दोन पावलं मागे यायचं.

हॉटस्पॉट कोअरपेक्षा १०-१५ अंश जास्त असणं नेहमीचं. तुमचा फरक त्यातच बसतो, त्यामुळे चिप आणि तिला गार ठेवणाऱ्या हीटसिंकमधली पेस्ट बदलायच्या भानगडीत आत्ता पडू नका. तो २० च्या पुढे गेला तर बघू.

प्रतिसाद २

यूपीएसचा हिशेब मांडतो. तुमच्या प्रोसेसरची कमाल ११७ वॅट, कार्ड १७०, मदरबोर्ड-पंखे-डिस्कचे धरा ४०. झाले ३२७. पॉवर सप्लायची कार्यक्षमता ८७ टक्के धरली तर भिंतीतून ३७५ च्या आसपास, आणि मॉनिटर वेगळा. ३६० वॅटचा यूपीएस बीप करणारच. त्यातून या पिढीची कार्डं काही मिलिसेकंदांसाठी सरासरीपेक्षा बरीच जास्त वीज ओढतात. लाइट गेली त्याच क्षणी रेंडर चालू असेल तर यूपीएस लोड न घेता बंद होऊ शकतो. एकतर १००० व्हीएचा घ्या, नाहीतर तोवर आफ्टरबर्नरमधलं कार्डाचं पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा.

आणि रात्रीचं रेंडर थेट व्हिडिओत काढत असाल तर ते आजच बंद करा. पीएनजी किंवा ईएक्सआर चित्रांच्या सुट्या फ्रेम्स काढा, ब्लेंडरमधली ओव्हरराइटची खूण काढून टाका. मशीन मध्येच बंद पडलं तरी झालेल्या फ्रेम्स शाबूत राहतात आणि पुढे तिथूनच सुरू करता येतं.

कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर असेल तर तो वळवा. कार्ड हवेपेक्षा गरम असल्यामुळे त्यावर दव धरणार नाही, पण ओलसर हवेत धूळ हीटसिंकला चिखलासारखी चिकटते. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, हवेने ती वेड्यासारखी फिरली तर बेअरिंग जातं.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार! कूलर अगदी कॅबिनेटच्या समोरच होता, तो खिडकीकडे वळवला. फिल्टर काढला तर जाळीवर राखाडी थर इतका घट्ट बसला होता की ब्रशने निघेना, पाण्याने धुवावा लागला. तेवढ्याने कोअर तीन अंश खाली आलं.

९०० मिलिव्होल्टला १८३० वर दुपारी रेंडर लावलं. कार्ड ७२ वर स्थिर, वीज १३० वॅटच्या आसपास, आणि फ्रेमला लागणारा वेळ आधीपेक्षा किंचित कमीच. यूपीएस एकदाही बोलला नाही. आता १८४५ वर नेऊन बघतोय.

एक शंका राहिली. आलेख सपाट करूनही कार्ड गार असताना क्लॉक १८४५ ऐवजी १८६० दाखवतो आणि तापल्यावर खाली येतो. हे असंच चालायचं, की आलेख कार्ड गरम असतानाच आखायला हवा होता?

प्रतिसाद १

असंच चालायचं. तापमानानुसार आख्खा आलेख एक-दोन पायऱ्या वरखाली सरकतो. कार्ड ४५-५० अंशांवर असताना आखलात तर हिवाळ्यातही अंदाज चुकणार नाही. आणि आत्ताची सेटिंग एका प्रोफाइलमध्ये 'मे' म्हणून लक्षात ठेवा, डिसेंबरात दुसरी करू. तेव्हा १९०० च्या वर जायला हरकत नाही.