बाळाच्या अंगात मुद्दाम व्हायरस सोडायचा?

प्रश्न
ताईच्या पाच महिन्यांच्या बाळाला एसएमए (स्नायू दुबळे करणारा जनुकीय आजार) निघालाय. डॉक्टर जीन थेरपी म्हणतायत, झोलजेन्स्मा, एकदाच शिरेतून द्यायची. पण त्यात व्हायरस असतो हे कळल्यापासून ताईच्या डोळ्याला डोळा नाही, उद्या तो अंगात वाढला तर काय म्हणते. आणि आधी अँटीबॉडी टेस्ट कशाला? मला तिला नीट सांगता येत नाहीये.

प्रतिसाद 1
मी लॅबमध्ये व्हेक्टरवरच, म्हणजे पेशीत जीन पोचवणाऱ्या अशा व्हायरसवरच काम करते. हा वाढत नाही. एएव्ही9 नावाच्या व्हायरसचं नुसतं कवच घेतात, त्याचे स्वतःचे जीन्स काढून टाकतात आणि आत बाळाकडे नसलेला एसएमएन1 हा जीन भरतात, मग स्वतःच्या कॉप्या काढायला त्याच्याकडे काही उरतच नाही. कवचात साधारण 4,700 अक्षरांचा डीएनए मावतो, एसएमएन1 छोटा म्हणून आरामात बसतो (डुशेन या स्नायूंच्या दुसऱ्या आजाराच्या मुलांचं इथेच अडतं, डिस्ट्रोफिनचा जीन मावतच नाही, काटछाट करून घालावा लागतो, फार वाईट वाटतं). फक्त उशीर नको, मेलेले मोटर न्यूरॉन (स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशी) परत येत नाहीत.

प्रतिसाद 2
आमच्या मुलीला दिलंय. शरीराने एएव्ही9 आधीच ओळखलेला असेल तर अँटीबॉडीज औषध वाटेतच अडवतात, म्हणून टेस्ट. आमची पहिली टेस्ट पॉझिटिव्ह आली, मी रडले, पण त्या आईकडून आलेल्या होत्या, काही आठवड्यांनी उतरल्या. डोस दिल्यावर अँटीबॉडीज इतक्या वाढतात की दुसऱ्यांदा देता येत नाही. आदल्या दिवसापासून स्टेरॉइड, मग दर आठवड्याला रक्त काढून लिव्हर बघायचं, ते एकदाही चुकवू नका.

प्रतिसाद 3
लिव्हरचं खरंच मनावर घ्या. 1999 मध्ये जेसी गेल्सिंगर हा 18 वर्षांचा मुलगा जीन थेरपीच्या ट्रायलमध्ये दगावला तो व्हायरस वाढून नाही, त्याला दिलेला व्हायरस वेगळा, ॲडिनोव्हायरस होता आणि शरीराचीच प्रतिक्रिया हाताबाहेर गेली. आणि सगळेच व्हायरस वाढत नाहीत असं मात्र नाही हं, कोविशील्डमधला वाढत नाही पण इबोलाच्या एर्वेबो लसीतला वाढतो, आणि मेलेनोमा या त्वचेच्या कॅन्सरसाठी 2015 मध्ये मंजूर झालेला टी-व्हेक म्हणजे बदललेला हर्पीसच, तो गाठीत मुद्दाम वाढू देतात म्हणजे पेशी फुटतात. ताईंना एवढंच सांगा की बाळाचा व्हायरस वाढणाऱ्यांतला नाही.

प्रश्नकर्ती
ताईला सगळं वाचून दाखवलं. आईकडून आलेल्या अँटीबॉडीज उतरतात हे तिने दोनदा वाचायला लावलं. रिपोर्ट गुरुवारी येतोय.