अश्विन: ५३७ विकेट आणि ‘घरचा वाघ’ हा शिक्का

बारावा गडी

ब्रिस्बेनची कसोटी पावसाने धुतली आणि रोहितच्या शेजारच्या खुर्चीत बसून अश्विनने चार वाक्यांत विषय मिटवला. तारीख १८ डिसेंबर २०२४. मालिका १-१, दोन कसोटी बाकी. दहा वर्षांपूर्वी मेलबर्नला धोनीनेही असाच मालिकेच्या मधोमध कसोटीला रामराम ठोकला होता, तेव्हाही आपण चहा गार होईस्तोवर भांडलो होतो. आताही भांडू.

१०६ कसोटी, ५३७ विकेट, सरासरी २४. भारतीयांत वर एकटा कुंबळे, ६१९. शिवाय ३५०३ धावा, सहा शतकं, आणि अकरा वेळा मालिकावीर. त्या शेवटच्या आकड्यात बरोबरीला फक्त मुरलीधरन.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला तुटून पडायला सोपं. भारतात कसोटी जिंकून देणारा याच्यापेक्षा मोठा गोलंदाज आपल्याकडे झाला नाही. कुंबळे धरून. घरच्या मैदानांवर कुंबळेच्या ६३ कसोटींत ३५० विकेट, सरासरी २५ च्या जवळ. याच्या ६५ कसोटींत ३८३, सरासरी साडेएकवीस.

‘आखाडा (फिरकीला वळणारी खेळपट्टी) करून दिला की कोणीही घेतो’ हे आता येणारच, म्हणून उत्तर आत्ताच देतो. २०१२ ला इंग्लंड इथे येऊन २-१ ने जिंकून गेलं. वानखेडेवर चेंडू हातभर वळत होता, त्यांच्या पानेसरने तिथे ११ घेतल्या. आणि अश्विन? अख्ख्या मालिकेत १४ विकेट, बावन्नच्या सरासरीने. माती विकेट देत असती तर त्यालाही दिल्या असत्या. त्यानंतर तो घरी जाऊन टप्पा, उंची, पॉपिंग क्रीजवरची जागा, सगळं बदलून आला, आणि २०१३ पासून आपण घरात सलग १८ मालिका जिंकलो.

लेगकटर

अर्ध्या क्रिकेटचा हिशेब मांडलात. उरलेल्या अर्ध्याचं काय?

डावात पाच विकेट ३७ वेळा. त्यातल्या २९ वेळा भारतात. राहिल्या आठ, त्या वेस्ट इंडीज, श्रीलंका आणि बांगलादेशात. ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड मिळून शून्य. म्हणून मी त्याला ‘घरचा वाघ’ म्हणतो. ऑस्ट्रेलियात ४० विकेट आहेत, पण सरासरी चाळिशीच्या वर.

जोहान्सबर्ग २०१३ आठवतं का? आफ्रिकेपुढे ४५८ चं लक्ष्य, पाचवा दिवस, तडे गेलेली खेळपट्टी. ते ७ बाद ४५० पर्यंत आले. अश्विनची त्या डावात ३६ षटकं आणि एकही विकेट नाही. पुढच्याच डर्बनच्या कसोटीत त्याच्या जागी आलेल्या जडेजाने एका डावात सहा काढल्या.

आणि साउदॅम्प्टन २०१८ तर मी विसरूच शकत नाही. ऑफ स्टंपच्या बाहेर बुटांनी उकरलेला खड्डा, दोन्ही संघांना तोच. मोईन अली, जो त्या मालिकेत पहिल्यांदाच खेळत होता, त्याने नऊ घेतल्या. आपल्या जगविख्यात ऑफस्पिनरने तीन. आपण ६० धावांनी हरलो आणि मालिकाही गेली. मोईन तोच तो ऑफब्रेक त्या एकाच खड्ड्यात टाकत बसला. आपल्या साहेबांना मात्र प्रत्येक चेंडूवर नवा शोध लावायचा होता.

फॉरवर्ड शॉर्टलेग

साउदॅम्प्टनचं मान्य, तरी एवढं सांगा की तेव्हा त्याचं अंग धड नव्हतं आणि पुढची कसोटी तो खेळलाच नाही.

पण त्याच मालिकेतलं एजबॅस्टन सोयीस्करपणे गाळलंत. पहिला दिवस, पहिलं सत्र, गवत असलेली खेळपट्टी. कुक मधल्या यष्टीची रेषा धरून सरळ बॅटने बचाव करायला गेला. चेंडू हवेत किंचित आत आला, पडला, आणि बॅटच्या बाहेरच्या कडेला वळसा घालून ऑफ स्टंपवर. कुक पुढे येऊन खेळला होता, चुकला असं म्हणावं तर काहीच चुकला नव्हता. दुसऱ्या डावात पुन्हा तोच गोलंदाज, तसाच चेंडू, तसाच त्रिफळा. सामन्यात सात विकेट. इंग्लंडमध्ये, बरं का.

आता माझा प्रश्न. २०२१ च्या इंग्लंड दौऱ्यात पहिल्या चारही कसोटी त्याने बाहेर बसून पाहिल्या. २०२३ ला ओव्हलवर जागतिक कसोटी अजिंक्यपदाचा अंतिम सामना, हा क्रमवारीत पहिला, समोर डावखुऱ्यांची रांग, आणि हा संघात नाही. त्या सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या डावखुऱ्या हेडने १६३ ठोकल्या. न खेळवलेल्या सामन्यांतल्या विकेट आणायच्या कुठून?

लेगकटर

२०२१ ला त्याच्याशिवाय लॉर्ड्स जिंकलो आणि ओव्हलही जिंकलो. हेही सोयीस्करपणे गाळलंत!

जुना हिशेब

तुम्हा मंडळींचं क्रिकेट २००० नंतर सुरू होतं, म्हणून मध्ये बोलतो. ‘बाहेर फिरकीला काही नसतं’ हे वाक्य आमच्या पिढीला कोणी शिकवलं नाही. १९७१ ला वाडेकरांच्या संघाने ओव्हल जिंकलं ते चंद्राच्या (लेगस्पिनर चंद्रशेखरच्या) ३८ धावांत ६ विकेटवर. १९७७-७८ ला मेलबर्नला चंद्राने दोन्ही डावांत ५२ धावांत ६, दोन्ही डावांत अगदी तोच आकडा. प्रसन्ना, बेदी यांना कोणी अजिंक्यपदाच्या गुणांसाठी खेळपट्ट्या खरवडून दिल्या नव्हत्या. चंद्राच्या एकूण विकेट २४२, अश्विनच्या निम्म्याहूनही कमी. पण परदेशात सामना जिंकायचा असेल तर मी चेंडू चंद्राच्या हातात देईन.

बाकी विकेटच मोजायच्या तर पद्माकर शिवलकरांच्या प्रथम श्रेणीत ५८९ आहेत आणि कसोटी एकही नाही. आकडे दाराबाहेर ठेवून आत या जरा.

राखीव यष्टिरक्षक

काका, चंद्रा अपवाद होता म्हणून तर अजून लक्षात आहे.

वॉर्नची भारतातली सरासरी ४३. नऊ कसोटींत ३४ विकेट. मुरलीधरनच्या ऑस्ट्रेलियात १२ विकेट, सरासरी ७५. या दोघांना ‘घरचा वाघ’ कोणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. आपल्याच माणसाला मोजताना आपली फूटपट्टी अचानक का आखडते?

चेंडूचाही विचार करा. भारतात वापरतात त्या एसजी चेंडूची शिवण जाड आणि उठावदार असते, बोटात धरता येते. ऑस्ट्रेलियातल्या कुकाबुराची वीस-पंचवीस षटकांत बसते, मग बोटाने फिरकी टाकणाऱ्याला उसळी सोडून काही उरत नाही. त्यांच्या ऑफस्पिनर लायनला ती उसळी उंचीमुळे आणि ओव्हरस्पिनमुळे मिळते आणि तो लहानपणापासून तिथेच टाकतो. अश्विनने २०२०-२१ मध्ये तेच उचललं. स्मिथ ॲडलेडला १ वर, मेलबर्नला ० वर. मेलबर्नचा झेल लेग स्लिपच्या बाजूला पुजाराकडे. सापळा आधी लावला होता, चेंडू नंतर टाकला.

लेगकटर

वॉर्नचं एक भारत सोडलं तर बाकी जग होतं. अश्विनचं वेस्ट इंडीज-लंका सोडलं तर बाकी भारत आहे. दोन्ही एका तराजूत बसत नाहीत.

कुंबळेशी तुलनाही तशीच. कुंबळेच्या बहुतेक कारकिर्दीत पुढचा पाय टाकला की पंच पायचीत द्यायचेच नाहीत. याला डीआरएस, म्हणजे पंचांचा निर्णय कॅमेऱ्यावर तपासून घ्यायची सोय, मिळालं.

बारावा गडी

डीआरएसचा मुद्दा चांगला आहे, पण तारखा बघा. आपल्या मंडळाने ते घरच्या मालिकांत स्वीकारलं २०१६ च्या नोव्हेंबरात, इंग्लंड आलं तेव्हा. अश्विनच्या दोनशे विकेट त्याआधी, सप्टेंबरात कानपूरला झाल्या होत्या. ३७ कसोटींत.

आणि २००३-०४ ला ऑस्ट्रेलियात तीन कसोटींत २४ विकेट काढणाऱ्या कुंबळेला मी नमस्कारच करतो. पण तिथपर्यंत यायला त्यालाही तेरा वर्षं लागली होती.

डावखुऱ्यांबद्दल कोणीच नीट बोललं नाही. अडीचशेहून जास्त डावखुरे बाद. स्टोक्स १३ वेळा, वॉर्नर ११ वेळा. २०१५ च्या लंका दौऱ्यात संगकारा निवृत्तीपूर्वीचे चार डाव खेळला आणि चारही वेळा याच्याच गोलंदाजीवर गेला. संगकारा! तोही त्याच्याच घरात.

फॉरवर्ड शॉर्टलेग

आणि सिडनी २०२१. अश्विनची पाठ धरलेली, विहारीचा पाय दुखावलेला, अडीचशेहून जास्त चेंडू दोघांनी खेळून काढले. १२८ चेंडूंत नाबाद ३९. त्या दिवशी मी ऑफिसात कॅमेरा बंद करून मीटिंगला बसलो होतो. काय बोलणं झालं विचाराल तर एक अक्षर आठवत नाही.

तिसरा पंच

तुमचा कसोटीचा घोळ चालू द्या. माझ्यासाठी अश्विन म्हणजे २०२२ च्या टी-२० विश्वचषकातला पाकिस्तान सामना. एका चेंडूत दोन हव्यात, कोहली पलीकडे उभा, नव्वद हजार लोक किंचाळतायत, आणि हा पठ्ठ्या नवाझचा पायाबाहेरचा चेंडू शांतपणे सोडून देतो. वाइड. मग पुढचा मिडऑफवरून. दुसरा कोणी असता तर बॅट फिरवून यष्टिचीत. नॉन-स्ट्रायकरला धावचीत करतो म्हणून शिव्या खाल्ल्या, त्याही याच डोक्यामुळे. २०२२ ला क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसीने तो नियम ‘अनुचित खेळ’ मधून काढून साध्या ‘धावचीत’मध्ये टाकलाच की.

लेगकटर

डोक्याबद्दल वादच नाही. पण बारावा गडी, तुमच्या पहिल्या पोस्टमधलं तुम्हालाच परत देतो. ‘माती विकेट देत असती तर…’ छान. आता २०२४. न्यूझीलंड आलं, पुण्यात सँटनरने १३ घेतल्या, वानखेडेवर एजाझ पटेलने ११. अश्विनच्या तीन कसोटींत नऊ, सरासरी ४१. त्या १८ मालिकांची माळ तिथे तुटली, घरात, फिरकीवर, ०-३. मग ऑस्ट्रेलियात संघातला फिरकीपटू म्हणून पर्थला वॉशिंग्टन, ॲडलेडला हा, ब्रिस्बेनला जडेजा. तुमच्याच नियमाने बोला.

बारावा गडी

माझ्याच नियमाने बोलतो: त्या मालिकेत तो कमी पडला. मातीवर ढकलणार नाही. एक महिना आधी चेन्नईत बांगलादेशविरुद्ध ६ बाद १४४ वरून येऊन ११३ काढल्या आणि वर ८८ धावांत ६ घेतल्या, म्हणून मला वाटलं होतं अजून दोन वर्षं आहेत. नव्हती. त्याला ते माझ्याआधी कळलं असावं.

‘घरचा वाघ’ मात्र मागे घ्या.

लेगकटर

‘वाघ’ ठेवतो. ‘घरचा’बद्दल उद्या बोलू.

जुना हिशेब

वानखेडेचं निघालंच आहे तर २०११ कोणी का काढत नाही? वेस्ट इंडीजविरुद्ध त्याची तिसरीच कसोटी. शतक आणि सामन्यात नऊ विकेट. शेवटच्या चेंडूवर दोन हव्यात, लाँगऑनला मारून हा पहिली धाव रमतगमत पळाला आणि दुसरीला धावचीत. धावसंख्या समान, सामना अनिर्णित. आयुष्यभर दुसऱ्यांच्या क्रीजवर डोळा ठेवणारा माणूस, स्वतःच्या क्रीजपाशी मात्र दोन पावलं उशिरा पोचला.

तिसरा पंच

काका, ते पुन्हा बघितलं आत्ताच. दोन नाही, चांगली चार पावलं.