अमेरिकेतली काळ्या लोकांची जुनी चर्च वाचवायला पैसा कुठनं येतो?

खानापूरकर: आमच्या चर्चची मंगलोरी कौलं फुटलीत, वाशाला वाळवी लागलीय, बोट घातलं की भुसा पडतो. कमिटी म्हणते पाडून स्लॅब टाकूया. अटलांटाचा पुतण्या म्हणतो तिकडं जुन्या चर्चसाठी फंड असतोय, खरं काय?

टिळकवाडीची आक्का: खरं आहे की. नॅशनल ट्रस्ट म्हणून तिकडं जुन्या वास्तू जपणारी संस्था आहे, तिचा काळ्या लोकांच्या वारशासाठी अॅक्शन फंड आहे, त्यानं २०२२ ला लिली एन्डोमेंट या देणगी देणाऱ्या संस्थेचे २ कोटी डॉलर घेऊन फक्त काळ्या लोकांच्या चर्चसाठी योजना काढली, पुढच्या वर्षी ३५ चर्चला मिळून ४० लाख डॉलर वाटले. नुसतं छपरालाच नाही, आधी तपासणी-प्लॅन करायलाही देतात. आपल्याकडं प्लॅन नंतर, जेसीबी आधी!

निपाणीकर: पण फंडाच्या आधी लोकंच उभी राहिली हो. अमेरिकेतल्या अलाबामाच्या बर्मिंगहॅममधल्या काळ्या लोकांच्या सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये १९६३ ला बॉम्ब ठेवून चार पोरी मारल्या, तर लांब ब्रिटनच्या वेल्समधल्या लोकांनी वर्गणी काढून रंगीत काचेची खिडकी दिली. एकानं अर्ध्या क्राऊनपेक्षा (तिकडचं तेव्हाचं चिल्लर नाणं) जास्त द्यायचं नाही असा नियम, कुणा एका शेठचं नाव लागू नये म्हणून. आपल्यात ५०१ दिले की फरशीवर नाव पाहिजे 😄

खानापूरकर: हे भारी. रविवारी मीटिंगमध्ये सांगतो, पहिलं इंजिनिअरला वासे दाखवूया म्हणून.

टिळकवाडीची आक्का: आणि जुनी कौलं भंगारात घालू नका, परत मिळत नाहीत तसली.