अर्धाध्यक्षीय की निमअध्यक्षीय?

फ्रान्सच्या राज्यपद्धतीला मराठीत नक्की काय म्हणायचं? नोट्समध्ये 'अर्धाध्यक्षीय' आहे, पण मग उरलेला अर्धा कोण? आणि मॅक्राँ राष्ट्रपती की राष्ट्राध्यक्ष?

—

परीक्षेत अर्धाध्यक्षीयच लिहा, रूढ तेच आहे. मला विचाराल तर निमअध्यक्षीय बरं, निमसरकारी, निमशहरीमधला निम, म्हणजे मोजूनमापून पन्नास टक्के असा अर्थ निघत नाही. मूळ फ्रेंच शब्द रूढ केला द्युव्हेर्जे नावाच्या फ्रेंच राज्यशास्त्रज्ञाने, त्याच्या अटी तीन, अध्यक्ष थेट जनतेने निवडलेला, त्याच्या हातात बऱ्यापैकी पॉवर, आणि तरी पंतप्रधान नि मंत्रिमंडळ संसदेला जबाबदार. गंमत म्हणजे १९५८ ला घटना आली तेव्हा यातली पहिली अट नव्हतीच! त्याआधीच्या राजवटीत, म्हणजे चौथ्या प्रजासत्ताकात, १२ वर्षांत वीसच्या वर सरकारं झाली, त्यात फ्रान्सच्या ताब्यातलं अल्जीरिया पेटलेलं, तिथलं लष्कर ऐकेना, म्हणून महायुद्धातले नेते जनरल द गॉलना बोलावलं आणि त्यांनी संसदेच्या नाड्या आवळणारी घटना करून घेतली, पण अध्यक्ष निवडायचे कोणी तर खासदार, मेयर, नगरसेवक वगैरे ८० हजारांच्या आसपास लोकांनी. थेट मतदान आलं १९६२ च्या सार्वमतानंतर, त्याच्या घोषणेवरूनच संसदेने पंतप्रधान पोंपिदूंचं सरकार पाडलं तर द गॉलनी संसदच बरखास्त केली. म्हणजे काटेकोर बघितलं तर 'अर्ध' १९६२ पासून.

—

निम पण नाही पटत हो. संसदेत स्वतःचं बहुमत असलं की तिथला अध्यक्ष निम कसला, दीडपट असतो, संसद बरखास्त करायचा अधिकार अमेरिकेच्या अध्यक्षाला तरी आहे का? आणि बहुमत विरोधकांचं आलं की घरचा कारभार सगळा पंतप्रधानाकडे, मित्तेराँ अध्यक्ष आणि शिराक पंतप्रधान, १९८६ ते ८८. मग ९३ ला परत तेच, आणि ९७ ते २००२ शिराक स्वतः अध्यक्ष होते तेव्हा समोर जोस्पाँ. याला ते कोहॅबिटेशन म्हणतात, मराठीत कुणी 'सहजीवन' लिहितं, वाचून लग्नपत्रिका आठवते. 'नाइलाजाचं नांदणं' म्हणा सरळ.

—

😂 नांदणं बेस्ट. त्यावर उपाय म्हणून तर २००० मध्ये अध्यक्षाची मुदत ७ वरून ५ वर्षं केली, संसदेच्या निवडणुका अध्यक्षाच्या निवडणुकीनंतर लगोलग याव्यात म्हणून.

आणि राष्ट्राध्यक्षच लिहा. राष्ट्रपती म्हटलं की आपल्याला मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालणारे आठवतात, मॅक्राँ तसे नाहीत. हिंदी पेपरवाले सगळ्यांनाच राष्ट्रपती करतात ते सोडा.