फ्लाइंग टायगरने सीएल-४४ घ्यायलाच नको होतं

घारापुरीकर: अमेरिकेच्या फ्लाइंग टायगर लाइन या मालवाहू विमान कंपनीने १९६१मध्ये कॅनडेअर सीएल-४४ ही टर्बोप्रॉप (टर्बाइन इंजिनाने पंखा फिरवणारी) मालवाहू विमानं घेतली, तो पैसा वाया गेला असं माझं मत. बोइंग ७०७ आणि डग्लस डीसी-८ ही जेट विमानं तेव्हा प्रवासी नेत होती, शिवाय पोटात मालही नेत होती. जेट दारात उभं असताना यांनी पंखे आणले! चार वर्षांत ७०७ घ्यावंच लागलं.

हवामहाल: आधी काय उडवत होते तेही सांगा की. लॉकहीडची जुनी सुपर कॉन्स्टेलेशन विमानं. त्यांची राइट कंपनीची पिस्टन इंजिनं म्हणजे मेकॅनिकच्या डोक्याला ताप. १९६२च्या सप्टेंबरात टायगरचं एक कॉन्स्टेलेशन अटलांटिकमध्ये पाण्यावर उतरवावं लागलं, चारपैकी तीन इंजिनं गेलेली. २८ माणसं गेली.

घारापुरीकर: १९६२ ना? म्हणजे सीएल-४४ येऊन वर्ष झाल्यावरही कॉन्स्टेलेशन चालूच होती. माझाच मुद्दा झाला हा.

रॅम्पवाली: मी सहारला कार्गोत आहे, म्हणून लोडिंगचं बोलते. बाजूच्या दारातून पॅलेट (माल रचलेली फळी) आत घेतलं की काटकोनात वळवून मग रोलरवरून पुढे ढकलायचं. लांब पाइप किंवा शाफ्ट असेल तर तो वळतच नाही, सगळे नुसते बघत उभे. सीएल-४४ची अख्खी शेपूट बिजागरीवर बाजूला वळायची, माल मागून सरळ आत. पुढे ७४७च्या मालवाहू आवृत्तीत नाक वर उघडायची सोय झाली, तीही याच कामाची. वेग वेग काय करता, विमान जमिनीवर किती वेळ अडकतं ते बघा.

घारापुरीकर: शेपूट छानच, पण कॅनडाच्या हवाई दलाची धरून एकूण विमानं बनली ३९. सुटे भाग कोण बनवत बसणार? वेग ताशी सहाशे किलोमीटरच्या आसपास, माल ३० टनांच्या घरात. १९६८ला डीसी-८-६३ आलं, ते ४५ टनांच्या वर घेऊन जेटच्या वेगाने जायचं. टायगर मोठी झाली ती त्याच्यावर.

निळूभाऊ: थोडं अवांतर. १९६५च्या नोव्हेंबरात टायगरचंच ७०७ दोन्ही ध्रुवांवरून पृथ्वीप्रदक्षिणा करून आलं, साधारण ६२ तासांत. कंपनीचे संस्थापक प्रेस्कॉट आणि मंडळी मुळात चीन-ब्रह्मदेशात जपान्यांशी लढलेले वैमानिक, हौस दांडगी. चालू द्या.

हवामहाल: घारापुरीकर, माल चढवायचं मोठं दार असलेलं ७०७ सेवेत आलं १९६३ला. १९६१मध्ये टायगरने कुठलं जेट घ्यायचं होतं? नाव सांगा. आणि तोवर दर टनामागे खर्च कमी करणारं दुसरं होतं काय?

घारापुरीकर: कुठलंच घ्यायचं नव्हतं. दोन वर्षं कॉन्स्टेलेशनवर रेटायची, पैसा राखायचा आणि १९६३ला थेट जेटच्या रांगेत उभं राहायचं.

रॅम्पवाली: दोन वर्षं रेटायची! त्या इंजिनांवर? मेकॅनिकना विचारलंय का?