वृद्धाश्रम निवडताना: कूस बदलण्याची नोंद बघा

वृद्धाश्रम निवडताना स्वच्छता आणि जेवण बघा असं सुचवलं जातं, ते बरोबरच आहे. पण फरशी पाहुण्यांसाठीही चकाचक ठेवता येते. माणूस अंथरुणाला खिळलेला असेल तर खरी परीक्षा पाठीची: एकाच जागी दाब पडून तिथे जखमा (बेडसोर) होतात.

कूस साधारण दर दोन तासांनी बदलायला हवी, त्वचा नाजूक असेल तर त्याहून लवकर. पूर्ण कुशीवर नको, तसं केलं की सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी लावून ३० अंशांचा कल पुरतो. पोटरीखाली उशी घेऊन टाचा अधांतरी ठेवायच्या. वर सरकवताना ओढायचं नाही, दोघांनी चादरीसकट उचलायचं. ओढण्यातच कातडी सोलवटते. एअर मॅट्रेस (हवेची गादी) आहे म्हणून कूस बदलणं बंद, हा नेहमीचा घोळ. बुडाखाली ठेवायची गोल रबरी रिंग तर नकोच, तिच्या कडेने रक्तपुरवठा दबतो.

माकडहाडावर लाली दिसली तर बोटाने दाबून सोडा. जागा पांढरी न पडता लालच राहिली, तर जखमेची सुरुवात झालीय. सावळ्या त्वचेवर लाली कळत नाही, तिथे गरमपणा किंवा कडकपणा हाताने चाचपावा.

कूस कधी बदलली याची नोंदवही मागाच. रात्रीचे सगळे रकाने एकाच पेनाने, एकाच अक्षरात, ठीक १०, १२, २, ४ असे भरलेले असतील तर ते बहुधा सकाळी बसून लिहिलेले असतात.