उत्पादनाबरोबरच वाहून जाणाऱ्या नत्राकडेही बघा

कार्बन डायऑक्साइड वाढला की पिकं जोमाने वाढतील, हा मुद्दा अर्धाच खरा आहे. गहू, भात, सोयाबीनला त्याचा फायदा होतो. मका-ज्वारीला फारसा नाही. शिवाय वाढतं तापमान तो फायदा खाऊन टाकतं. २०१७ च्या एका एकत्रित अभ्यासानुसार, हा फायदा आणि सुधारित वाण हिशेबात न धरता, जागतिक तापमान १ अंश सेल्सिअसने वाढलं तर मक्याचं उत्पादन सुमारे ७.४ टक्के, गव्हाचं ६ टक्के आणि भाताचं ३.२ टक्के घटतं.

मला खरी काळजी वाटते ती खतातल्या नत्राची (नायट्रोजनची). दुष्काळात पीक खुंटतं, दिलेलं नत्र उचललं जात नाही आणि नायट्रेटच्या रूपात जमिनीत पडून राहतं. मातीचे कण नायट्रेटला धरून ठेवत नाहीत, त्यामुळे पुढच्या जोराच्या पावसात ते थेट नाल्यात जातं. अमेरिकेतल्या आयोवात नेमकं हेच घडलं. २०१२ ला दुष्काळ, २०१३ च्या वसंतात धो-धो पाऊस आणि नद्यांत नायट्रेटची विक्रमी पातळी. डी मॉइन शहराला पिण्याच्या पाण्यातून नायट्रेट काढायची यंत्रणा चालवावी लागली. तापमान वाढलं की हवा दर अंशाला सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, म्हणजे असे पाऊस वाढणारच.

त्यामुळे ‘उत्पादन घटतंय तर खत वाढवा’ हा सल्ला मला अजिबात पटत नाही. नत्र हप्त्यांनी द्यावं, मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर थांबावं, काढणीनंतर रान उघडं न ठेवता आच्छादन पीक घ्यावं. खतातलं स्फुरद (फॉस्फरस) मात्र बहुतांशी मातीबरोबर वाहून जातं, त्याला बांधावरचं गवत अडवतं.